काळी सोडा, पांढरीत बांधा: औशाच्या माळावरचं शून्य कार्बन घर

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. औसा तालुक्यात वडिलोपार्जित सहा एकर. खालचं चार एकर काळं रान, वरचं दोन एकर मुरमाड माळ. पुण्याची नोकरी आवरून दोन वर्षांत गावी परतायचं आहे. साधारण बाराशे चौरस फुटांचं, आजच्या काळाचं, शून्य कार्बन घर (बांधताना हवेत गेलेला कार्बन पुढे भरून काढणारं) हवं आहे आणि ते माळावर उपरं वाटू नये. सोबत परदेशी घरांची तीन चित्रं पाठवली आहेत: छपरावर हिरवं गवत, पश्चिमेला भिंतभर काच, बाहेरून गुळगुळीत काँक्रीट. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: "आई म्हणते, दगड-मातीचं घर बांधणार असाल तर मी त्यात झोपणार नाही."

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता ६.२, म्हणजे जगाच्या हिशोबात मध्यम. तरी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेकांचा जीव घरानेच घेतला. मी त्यानंतरच्या पुनर्वसनाच्या कामावर नवशिका सुपरवायझर म्हणून आलो आणि इथलाच होऊन राहिलो. तेव्हापासून या भागातल्या किती तरी आया मला हेच वाक्य बोलल्या आहेत. त्यांना 'जुन्या विचारांच्या' म्हणून बाजूला सारू नका. त्यांनी जे पाहिलं ते समजून घेतलं, तर घराचा निम्मा नकाशा तिथेच तयार होतो.

पडली ती घरं कशी होती? दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर, मधे डबर आणि माती भरलेली. दोन्ही थरांना एकमेकांत गुंफणारा आरपार लांब दगड जवळपास कुठेच नाही. हलायला लागल्याबरोबर दोन्ही थर एकमेकांपासून फाटले. आणि वर माळवद. तुळया, त्यावर लाकडी किलचं, त्यावर पाला, त्यावर मातीचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. दर वर्षी मृगाच्या आधी गळती थांबवायला नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही. अशा पिढ्या गेल्या की छपराची जाडी दोन फुटांवर जायची. हिशोब करून पाहा: दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दहा-अकरा टन. पहाटे चारला, झोपलेल्या माणसांवर.

पण त्याच गावांत आणखी एक गोष्ट दिसत होती, ती फार कमी बोलली जाते. जिथे माळवद भिंतींवर न ठेवता सागाच्या खांबांवर, खणाच्या चौकटीवर तोललेलं होतं, तिथे भिंती बाहेर कोसळल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा छपरासकट अनेक ठिकाणी उभा होता. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, मातीचाही नव्हता. बांधणी सुटी होती आणि वजन चुकीच्या जागी होतं.

भूकंपानंतर लोकांनी दगड-माती सोडली आणि सगळीकडे स्लॅब आला. ती भीती समजण्यासारखी होती. पण मे महिन्यात त्या स्लॅबखाली दुपारी बसून पाहा. रात्री दहा वाजता सुद्धा छत गरम श्वास टाकत असतं. माळवदाखाली वाढलेली म्हातारी माणसं अजून म्हणतात, "जीव वाचवणारं घर मिळालं, पण डोळा लागणारं गेलं." तुम्हाला या दोन्ही गोष्टी एका घरात आणायच्या आहेत. माझं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: माळवदाचा थंडावा ठेवा, त्याचं वजन डोक्यावरून काढून पायाशी आणि भिंतीत आणा, आणि भिंती एकमेकींना घट्ट बांधा. शून्य कार्बनचा मोठा भाग यातूनच सुटतो, कारण वजन कमी झालं की लोखंड आणि सिमेंट कमी लागतं.

आता जागा. आपल्याकडे गावाची जमीन पांढरी आणि शेताची काळी. 'पांढरीत राहायचं, काळीत पिकवायचं' ही वाटणी आपल्या आधीच्यांनी उगाच केलेली नाही. काळी चिकण माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचं घर दर वर्षी वर-खाली होतं. ते रोखायचं तर खोल पाईल (जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब), जाड प्लिंथ बीम (जोत्याची काँक्रीटची तुळई), भरपूर सळई लागते. म्हणजे घर उभं राहायच्या आधीच कार्बनचं मोठं बिल जमिनीखाली गाडलं जातं, आणि वर पिकाची चांगली जमीन गेली ती वेगळी. तुमच्याकडे वरचा माळ आहे. घर तिथेच बांधा. रस्ता खालून जातो, विहीर खाली आहे, वीज खालपर्यंत आली आहे, असली कारणं मोहात पाडतील. दोनशे फुटांची जास्तीची पाईपलाईन आणि वायर पायातल्या पाईलपेक्षा फार स्वस्त पडते.

माळावर तीन ठिकाणी चार फूट खोल खड्डे घ्या. बहुधा फूट-दीड फुटावर मुरूम लागेल, खाली पिवळसर कठीण मांजऱ्या किंवा थेट काळा पाषाण. असं असेल तर पाया म्हणजे डबराची चर आणि तिच्या डोक्यावर काँक्रीटचा एक पट्टा, एवढंच. उतार असेल तर आणखी छान. घराची मागची बाजू उतारात दोन-तीन फूट रुतवा आणि तिथून निघालेला मुरूम पुढच्या जोत्यात भरा. एकही डंपर बाहेरून येता कामा नये, एकही बाहेर जाता कामा नये. मागच्या बाजूला पावसाचं पाणी वळवणारी दगडी चर मात्र विसरू नका. ती नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात मागच्या खोलीत ओल येईल आणि आईंचा संशय खरा ठरेल.

'मिसळून जाणं' हा शब्द तुम्ही चार वेळा वापरला आहे, म्हणून थोडं थांबतो. तुमच्या चित्रातलं गवताचं छप्पर जिथलं आहे तिथे बारमाही पाऊस पडतो, म्हणून ते तिथल्या टेकडीत मिसळतं. आपला माळ वर्षातले आठ महिने पिवळा-तपकिरी असतो. त्यावर हिरवं छप्पर ठेवलं तर ते टँकरच्या पाण्यावर जगेल आणि मैलभरावरून उठून दिसेल. शिवाय डोक्यावर पुन्हा ओली माती आली. एका पिढीने जे छप्पर अंगावर झेललं, ते फॅशन म्हणून परत आणू नका, एवढी माझी मनापासून विनंती आहे.

जुनी गावं लांबून पाहिलीत तर ती दिसायचीच नाहीत. टेकाडासारखी वाटायची, कारण ज्या जमिनीवर उभी होती तिच्याच मातीची होती, छपरं सपाट होती आणि उंची झाडांच्या खाली होती. मिसळण्याचं आपलं सूत्र हेच आहे. एकमजली घर, सपाट लांब रेषा, भिंतीचा खालचा भाग तुमच्याच विहिरीतून निघालेल्या काळ्या दगडाचा, वरचा भाग चाळलेला मुरूम मिसळलेल्या चुन्याच्या गिलाव्याचा. बाहेरून रंग लावूच नका. मुरमाचा जो रंग तुमच्या माळाचा आहे तोच भिंतीवर येतो आणि पावसात माळाबरोबरच गडद होतो. वाड्याची नक्कलही करू नका: खोटे कोनाडे, सिमेंटचे नक्षीदार खांब, प्लास्टिकची कौलं. घर आजचं आहे, ते आजचं दिसू द्या. खोल सावल्या, साधे कोपरे, मोठी ओसरी. एवढ्याने ते आधुनिकही दिसतं आणि इथलंही.

पश्चिमेची भिंतभर काच मात्र रद्द करा. सूर्यास्त पाहायचा आहे हे कळतं. पण एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि दुपारी दोनपासून सहापर्यंत तिरपं ऊन थेट पश्चिमेच्या भिंतीवर येतं. छज्जा कितीही मोठा केला तरी ते अडत नाही, कारण ते वरून येत नाही, समोरून येतं. पश्चिमेला न्हाणीघर, कोठीची खोली, जिना ठेवा, खिडक्या लहान ठेवा. सूर्यास्त ओसरीच्या टोकाला दगडी कट्ट्यावर बसून पाहा. तेव्हा तसंही आत कुणी बसत नाही. मोठ्या खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला. आपण साधारण अठरा अंश अक्षांशावर आहोत, उन्हाळ्यातला मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा पुरतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली उतरतो आणि तेच ऊन छज्ज्याखालून आत येतं. डिसेंबरच्या थंडीत आई जिथे बसतील ती जागा तिथे ठेवा.

भिंतींबद्दल तीन वाटा आहेत आणि मी तुमच्यासाठी त्यातल्या दोन जोडेन. जोत्यापासून खिडकीच्या तळापर्यंत दगड, पंधरा इंच जाडीचा. दर दोन फूट उंचीवर, दर चार फुटांना एक आरपार लांब दगड आलाच पाहिजे. गवंडी 'घालतो' म्हणेल आणि घालणार नाही. त्या दगडांच्या डोक्याला चुन्याची खूण करायला लावा आणि रोज संध्याकाळी दोन्ही बाजूंनी मोजा. एवढं एकच काम तुम्ही स्वतः केलंत तरी पुरे. दगडाच्या वर राखेच्या विटा. बीड जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र आहे, तिथल्या राखेच्या विटा आपल्याकडे सहज मिळतात. भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, त्यामुळे मातीच्या भाजक्या विटेचा कोळसाही वाचतो आणि शेतातली वरची सुपीक मातीही. या विटा आडव्या न लावता कडेवर उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची, म्हणजे रॅट ट्रॅप बाँड. केरळमध्ये वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी ही पद्धत रुळवली. विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात, मधली हवा उष्णता अडवते आणि कोपऱ्यातल्या पोकळीत भूकंपाची उभी सळई नेमकी बसते.

तिसरी वाट म्हणजे दाबलेल्या मातीच्या विटा. मला त्या फार आवडतात, तरी तुमच्यासाठी पहिली पसंती देत नाही. सुरुवातीच्या काळात एका शेतघरासाठी मी जागेवरचीच माती वापरली. मुरूम चांगला होता, पण उकरताना वरची काळी माती त्यात मिसळत गेली आणि मी लक्ष दिलं नाही. आठ टक्के सिमेंट घालूनही पहिल्या पावसाळ्यानंतर पश्चिमेच्या भिंतीतल्या विटांना जाळीसारख्या भेगा गेल्या. ती भिंत मी माझ्या खर्चाने पाडून बांधली. काळी माती फुगते, आणि विटेच्या आत फुगली की सिमेंट तिला धरू शकत नाही. तुम्हाला करायच्याच असतील तर आधी बरणीची चाचणी करा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि एक दिवस ठेवा. खाली वाळू बसते, मग गाळ, वर चिकण माती. चिकण मातीचा थर एकूण मातीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त दिसला तर ती माती सिमेंटच्या विटेला नको, तिला चुना लागतो.

भिंतींना बांधणारे पट्टे तीन: जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर, आणि छपराच्या खाली. प्रत्येक पट्टा घरभर सलग फिरला पाहिजे, कुठेही तुटता कामा नये. कोपऱ्यांत आणि मोठ्या दारांच्या कडेला उभी सळई, पायापासून छपरापर्यंत. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४३२६ आणि दगडी कामासाठी आयएस १३८२८ यांत हे सगळं चित्रांसह दिलेलं आहे. तुमच्या अभियंत्याला त्यांची नावं घेऊन विचारा. किल्लारीचा परिसर १९९३ मध्ये भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता, २००२ च्या नकाशात तो तिसऱ्यात आला. तुमच्या घराला हे पट्टे लागतीलच. सिमेंट आणि सळई वाचवण्याच्या नादात इथे हात आखडू नका. कार्बन वाचवायचा तो दुसरीकडे. हे पट्टे म्हणजे आईंना दिलेला शब्द आहे.

छपरासाठी माझी निवड फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट बरंचसं फक्त सळईला धरून ठेवण्याचं काम करतं. तिथे मंगळुरी कौलं किंवा कुंभाराची पालथी परळं ठेवून काँक्रीट ओतायचं. काँक्रीट पाव हिश्शाने कमी लागतं, वजन कमी होतं आणि कौलातली हवा थोडी उष्णता अडवते. दहा बाय बाराच्या खोलीवर पूर्वी जे दहा-अकरा टन होते, तिथे आता तीन टनांच्या आत काम होतं आणि तेही भिंतीला सळईने बांधलेलं. वरून पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे चुन्यात बसवा. काळ्या छताच्या मानाने फरक इतका असतो की मेच्या दुपारी अनवाणी उभं राहता येतं. बांबूचं छप्पर सुचवलं असतं, लातूर जिल्ह्यात लोदग्याला बांबूचं काम चाललंही आहे, पण गच्ची तुम्हाला हवीच. कुरडया-पापड कुठे वाळवणार आणि एप्रिलमध्ये रात्री कुठे झोपणार? बांबू ओसरीला वापरा, बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून घेतलेला. नाही तर भुंगा तिसऱ्या वर्षी पिठी पाडतो.

दारं-खिडक्या आणि ओसरीचे खांब जुन्या वाड्यांच्या लाकडाचे घ्या. आपल्याकडे पडलेल्या वाड्यांचा साग अजूनही विकायला असतो. तो पन्नास-शंभर वर्षं वाळलेला आहे, वाकत नाही, आणि एक किलो वाळक्या लाकडात साधारण पावणेदोन किलो कार्बन डायऑक्साइड अडकून बसलेला असतो. ते जळणाला गेलं तर सगळा हवेत जातो. तुमच्या दाराला लागलं तर तुमच्या नातवंडांपर्यंत तिथेच राहतो. जमिनीला शहाबादी फरशी. ती सीमेपलीकडच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, भट्टीत भाजावी लागत नाही आणि उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर अंग टाकण्यासारखं सुख नाही.

एक जुनी गोष्ट मी प्रत्येक घरात परत आणतो, ती म्हणजे सानं. माळवदाला उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी जे भोक ठेवत, तेच. आज मी स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीच्या वर चार फूट उंच, दोन बाय दोनचा धुराड्यासारखा भाग उचलतो. वर काच, बाजूंना जाळी आणि दोरीने उघडणाऱ्या झडपा. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवस आणि रात्रीच्या तापमानात चौदा-पंधरा अंशांचा फरक असतो. कोरड्या हवेची ही देणगी मुंबई-कोकणाकडे नाही. सूर्य मावळला की सानं आणि खालच्या खिडक्या उघडायच्या. गरम हवा वरून निघून जाते, थंड हवा खालून आत येते आणि दगड-विटांचं वस्तुमान रात्रभर निवतं. सकाळी आठला सगळं बंद करायचं. जाड भिंत दुपारची उष्णता आत पोहोचवायला कित्येक तास घेते, तोवर संध्याकाळ झालेली असते. हे यंत्र चालवायला कुणीतरी घरी असावं लागतं, आणि सगळ्यात नियमाने ते आजीच चालवतात असा माझा अनुभव आहे. तरी लागलाच तर वाळ्याच्या टाट्याचा कूलर. पाऊस सुरू होईपर्यंत तो उत्तम चालतो.

आता 'शून्य' म्हणजे काय ते आकड्यांत. बाराशे चौरस फुटांचं नेहमीचं घर, म्हणजे सळई-सिमेंटचा सांगाडा आणि भाजक्या विटा, माझ्या कामांच्या हिशोबात साधारण पावणेपाचशे पोती सिमेंट, चार-पाच टन सळई आणि अठरा हजारांच्या आसपास विटा घेतं. एका पोत्यामागे तीस-पस्तीस किलो, एक किलो सळईमागे सव्वादोन-अडीच किलो आणि विटेमागे अर्धा किलो धरला तर राहायला जायच्या आधीच बत्तीस ते अडतीस टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. वर सांगितलेल्या पद्धतीने सिमेंट आणि सळई निम्म्यावर येतात, भाजकी वीट जाते आणि आकडा सोळा-सतरा टनांवर उतरतो. चुनखडी आणि भाजलेल्या चिकण मातीचं नवं सिमेंट, एलसी-थ्री, मिळालं तर आणखी थोडा. त्याला २०२३ पासून भारतीय मानकही आहे.

गच्चीवर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल वर्षाला साधारण बेचाळीसशे युनिट देतात. पंखे कमी विजेचे घेतले आणि एसी एकाच खोलीत ठेवला तर घराला दोन हजार युनिट पुरतात. उरलेले बावीसशे नेट मीटरमधून (दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा मीटर) महावितरणच्या तारेत जातात आणि तेवढा कोळसा वाचतो. युनिटमागे सातशे ग्रॅम धरले तर वर्षाला दीड टन. म्हणजे तुमचं सोळा-सतरा टनांचं कर्ज अकरा वर्षांत फिटतं. नेहमीच्या घराचं फिटायला एकवीस ते पंचवीस वर्षं लागतात, आणि पॅनेलचं आयुष्यच तेवढं धरतात. शिवाय पुढे तारेतली वीजच स्वच्छ होत गेली की तुमच्या जास्तीच्या युनिटांनी फिटणारं कर्जही कमी कमी होत जाईल. म्हणून आधी कर्जच कमी काढायचं, मग पॅनेल. 'छतावर सोलर बसवला की घर शून्य झालं' असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, ते जरूर घ्या. पॅनेल गच्चीपासून सात-आठ फूट उंच चौकटीवर बसवा. खाली सावली मिळते आणि झोपायची जागाही राहते. चौकटीचे पाय मात्र भिंतींच्या रेषेवर आणि स्लॅबमधल्या सळईला जोडलेले हवेत, मे महिन्यातली वावटळ पॅनेल पाखरासारखे उडवते.

स्वयंपाकासाठी तुमच्याकडे दोन म्हशी आणि एक बैलजोडी असेल तर दोन घनमीटरचा गोबर गॅस पुरेल. त्याला रोज पन्नास किलो शेण लागतं. जनावरं कमी असतील तर लहान संयंत्र आणि जोडीला दिवसा इंडक्शन. गॅस निघाल्यावर उरलेली शेणाची स्लरी सीताफळाच्या झाडांना.

पाणी हा विषय इथे वेगळा काढता येत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. टँकरच्या डिझेलवर आणि सहाशे फुटांच्या बोअरवर जगणारं घर शून्य कार्बन कसं म्हणणार? हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचं छत एकशे दहा चौरस मीटर, पाऊस सातशे मिलिमीटर, वीस टक्के वाया गेला तरी साठ हजार लिटर. चार माणसांना पिण्या-रांधण्याला रोज चाळीस लिटर, आठ कोरडे महिने म्हणजे जवळपास दहा हजार. मुरमात पंधरा हजार लिटरची गोल टाकी खोदा, पूर्वी धान्याचं पेव खोदत तशी, ओसरीच्या खाली. आत दगड आणि चुन्याचा गिलावा, वर झाकण, आणि पहिल्या दोन पावसांचं धुवट पाणी बाहेर सोडणारा वळसा. उरलेलं पाणी विहिरीकडे वळवा. मलिक अंबरच्या काळात खडकी नगरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून गुरुत्वाकर्षणानेच शहरात खेळवलं होतं. पंप नव्हता, वीज नव्हती. तुमच्याकडे उतार आहे. न्हाणीचं पाणी उतारानेच केळी-शेवग्याला जाऊ द्या.

कुंपणाला सिमेंटची भिंत नको, शेतातलेच दगड कोरडे रचा. लॉन नको. माळावरचं मारवेल, पवन्या, कुसळी गवत तसंच राहू द्या, फक्त घराभोवती दहा फूट विळ्याने कापत जा, विंचू-सापासाठी. पश्चिमेला घरापासून वीस-पंचवीस फुटांवर दोन कडुनिंब आजच लावा. घर व्हायला दोन वर्षं आहेत, तेवढ्यात त्यांची मुळं धरतील.

पैशांबद्दल विचारलं आहे. एकूण खर्च नेहमीच्या घराएवढाच येतो, क्वचित थोडा कमी. पण पैसा जातो कुठे ते बदलतं. सिमेंट-सळईचं बिल कमी होतं आणि गवंडी, पाथरवट, सुतार, कुंभार यांची मजुरी वाढते. आपल्या तालुक्यात दगड घडवणारे हात अजून आहेत, पण ते साठीच्या पुढचे आहेत. म्हणून दगडाचं काम पहिल्या वर्षीच काढा आणि गावातली दोन तरुण पोरं त्यांच्या हाताखाली लावा.

या दिवाळीला गावी जाल तेव्हा माळावर चुन्याने नकाशा आखा, खऱ्या मापात. आईंना त्यातून चालवा. त्यांच्या खोलीचं दार थेट ओसरीत उघडतं ना, झोपायच्या जागेपासून बाहेर पडायला किती पावलं लागतात, हे त्यांनाच मोजू द्या आणि त्या म्हणतील तिथे दार हलवा. मग तिन्ही खड्डे घ्या. प्रत्येकात टेप उभी धरून फोटो काढा, मुरूम किती फुटांवर लागला ते आकड्यात दिसलं पाहिजे, आणि तेवढं मला पाठवा. पायाचं माप त्यावरून सांगतो.